नंदीच्या पोटाला दार

बैलाच्या पोटाला दार बसवायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात दुसरं कोणी ती आपली म्हणायला तयार नाही.

बैल अर्थात लाकडी. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी मोठी माणसं खरे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत चौकात आणतात. घरोघर खाऊ आणि बोजारा, म्हणजे हातावर चार पैसे, मिळतात, आणि चांगल्या नंदीला बक्षीस. माझी नात खुशी पाचवीत आहे. मागच्या तान्ह्या पोळ्याला मी तिच्या नंदीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या : शिंग, वशिंड, खूर, शेपूट. पोरांची करमणूक होता होता चार शब्द पक्के व्हावेत, एवढाच माझा हेतू होता. करमणूक झाली. साऱ्या चौकाने "शाळेचा बैल आला" असं ओरडत तिला घरापर्यंत पोहोचवलं, आणि दिवाळीपर्यंत वर्गात तिचं नाव 'चिठ्ठी' होतं.

यंदा तिने अट घातली. "आबाजी, नंदी तुम्हीच बनवा. पण या वर्षी कोणी हसलं ना, तं मी तुमच्याजवळ कधीच शिकायले बसणार नाही."

निवृत्त शिक्षकाला याहून मोठी शिक्षा नाही. पेन्शन अडली तर माणूस तहसीलला जाऊन भांडू शकतो. शेवटचा विद्यार्थी उठून गेला तर अर्ज कुठे करायचा?

शहाण्या माणसाने यानंतर गोंदियाच्या बाजारातून एक रंगवलेला नंदी आणला असता. मीही आणणारच होतो. पण त्याच संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो आणि कुंपणापलीकडे गोवर्धनचा हरण्या रवंथ करत बसला होता. गोवर्धन आमचा शेजारी. धानाची शेती, एक बैलजोडी आणि सल्ला द्यायची आवड, एवढी त्याची मालमत्ता. खुशी बराच वेळ बैलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबाजी, याच्यासमोर तं काहीच नाही. मग हा चावून काऊन राहिला?"

आता असा प्रश्न स्वतःच्या पायांनी चालत आल्यावर बाजारात कोण जातं?

मी तिला तलावावरून समजावलं. आम्ही कोहळी. आमच्या वाडवडिलांनी या भागात गावोगाव तलाव बांधले, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तलावावरून समजते अशी आमच्या घराची ठाम समजूत आहे. मी म्हणालो, "बैल चरताना चावत बसत नाही. भराभर गिळतो आणि पहिल्या पोटात साठवतो. ते कोठीपोट. ते म्हणजे आपला तलाव, सगळ्यात मोठं, डाव्या कुशीत. तिथं गवत भिजतं, आंबतं, डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव ते कुजवतात. मग निवांत बसला की थोडं थोडं परत तोंडात आणून चावतो. त्याच्या शेजारी जाळीपोट, आतून मधाच्या पोळ्यासारखं. मग पडदेपोट, पुस्तकाच्या पानांसारखं, पाणी पिळून घेणारं. आणि चौथं खरं पोट, आपल्यासारखं. पुढे आतडी म्हणजे धानाच्या बांध्यांमधून फिरणारे पाट."

"आणि सगळ्यात शेवटी?"

"सगळ्यात शेवटी गोवर्धनकाकाचा उकिरडा."

ती इतकी हसली की हरण्याने रवंथ थांबवून आमच्याकडे पाहिलं. "हे आतून दिसलं पाहिजे," मी म्हणालो, आणि इथेच घात झाला.

रामलाल सुताराने आमच्या मोडक्या पलंगाच्या लाकडातून कमरेएवढा नंदी घडवला. चेहरा सुरेख, डोळे तर अगदी समजूतदार. मी पोटाला दार सांगितलं तेव्हा मात्र त्याने रंधा खाली ठेवला.

"कोन्या बाजूनं, गुरुजी?"

"डाव्या. कोठीपोट डावीकडे असतं."

"कडी बाहेरून लावू का आतून?"

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "आतून कोण लावणार आहे, रामलाल?"

"तसं नाही जी. विचारून घेतलेलं बरं राहते. मागं एकाचं न्हाणीघर असंच उलटं झालं."

कुंपणावर हनुवटी टेकवून गोवर्धन हे ऐकत होता. "काऊन जी गुरुजी, बैलाले दार कायले? आन् डावीकडून काढून राहिले. जोडीत उजवीकडे जुंपला तं कडी जोडीदाराच्या अंगाले घासन."

हा नंदी नांगराला जुंपायचा नाही, असं मी शांतपणे सांगितलं.

"आज नाही म्हणता," गोवर्धन म्हणाला.

चिचगडकडे जाणारा रस्ता आमच्या अंगणाला लागून आहे, आणि अंगणात सागवानाचा ताजा भुसा पडलेला. तिसऱ्या प्रहरी वनरक्षक मोटारसायकलवरून उतरला.

"हे लाकूड कुठलं?"

"पलंगाचं."

"पलंग कुठला?"

"माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला."

"सासऱ्यांनी कुठून आणला?"

एवढ्यात आमच्या सुमित्राबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "माझ्या बापाले विचारायचं असन तं वर जा लागन. जाता का?"

वनरक्षकाने तो मुद्दा सोडला. पण दार त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्याने कडी काढून आत टॉर्च मारला. "पोटात काय ठेवणार?"

"चार पोटं," मी म्हणालो.

तो ज्या वेगाने आला होता त्याहून बऱ्याच जास्त वेगाने गेला.

आतड्यांसाठी मी सुमित्राबाईंची जुनी लुगडी मागितली. बैलाची आतडी त्याच्या अंगाच्या वीसपट लांब असतात, हे सांगितल्यावर त्यांनी शिवणयंत्रावरून मान वर केली. "लाकडाच्या बैलाची बी?"

मी म्हणालो, शिकवायचं तर खरं शिकवावं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. दोन दिवस यंत्र चाललं. मग ती नळी हळदीने रंगवून आम्ही अंगणभर वाळत घातली : कुंपणावरून पेरूवर, पेरूवरून न्हाणीच्या दांडीवर आणि परत.

तिच्याखाली उभे राहूनच शालीकराम मला म्हणाले, "वा गुरुजी! तोरण तं भारीच बनवून राहिले." शालीकराम तान्हा पोळा समितीचे अध्यक्ष. समितीत दुसरं कोणी नसल्यामुळे तिचे सगळे निर्णय एकमताने होतात.

"तोरण नाही. आतडी आहेत."

त्यांनी कौतुकाने धरलेलं टोक तत्काळ सोडून दिलं आणि हात धोतराला पुसला. "गुरुजी, नंदी देव होय. देवाचे आतडे चौकात दाखवाचे? आन् दाखवले तरी बक्षीस कोन्या गटात देऊ? उंच नंदी, सजवलेला नंदी, जुना नंदी, असे गट आहेत. आतून असा गट नाही."

समितीने प्रकरण ग्रामपंचायतीकडे सोपवलं. ग्रामसेवक म्हणाले, पोटाचा विषय आहे, आरोग्य उपकेंद्रात विचारा. उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, माणसाचं पोट असेल तरच आमचं. शेवटी मी गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर हेमेंद्र नुकतेच बदलून आले होते. तरुण, मूळचे गोंदिया शहराचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गुरुजी, लकडी का है तो मेरे पास नहीं आता. माझ्या अधिकारात फक्त हाडामासाचे. पण बघायला नक्की येतो."

प्रमुख पाहुणे आपण होऊन येत आहेत म्हटल्यावर समितीचा विरोध एकमताने मावळला. फक्त पोटावर पडदा लावायचा आणि तो पाहुण्यांनी सरकवायचा, असं ठरलं. देवाची लाजही राहील आणि उद्घाटनही होईल.

आता राहिलं कोठीपोट. खुशीने ते कागदाच्या लगद्याचं करू म्हटलं होतं. मी तिला समजावलं की कागदाचं पोट परीक्षेपुरतं ठीक. मी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, पंक्चरवाल्याकडून त्याचं एक टोक चिकटवून घेतलं आणि दुसऱ्या टोकातून आत धानाच्या पेंढ्याची बारीक चिरलेली तणस, कोंडा, पेज, गूळ आणि थोडं ताक भरलं. मुलांनी नुसतं बघू नये, वास घ्यावा, हात लावावा, हा विचार. पहिल्याच रात्री ते गळलं. सकाळी सुमित्राबाईंनी सारवलेल्या जमिनीवरचा ओघळ बघितला आणि माझ्यासमोर दोन पर्याय ठेवले : एक तर त्याचं तोंड बंद करा, नाहीतर तुम्ही आणि नंदी दोघंही गोठ्यात झोपा.

मी तोंड बंद केलं. म्हणजे ट्यूबचं. रबराची पट्टी गुंडाळून वर तार अशी आवळली की थेंब बाहेर येईना. कामाच्या पक्केपणाचं मला समाधान वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पोळा झाला. हरण्या आणि त्याचा जोडीदार झूल पांघरून, शिंगांना बेगड लावून घरोघर फिरले. प्रत्येक दारी पाय धुतले, प्रत्येक दारी पुरणपोळी, भात, वडे. जोडीदार चार घरांनंतर मान फिरवू लागला. हरण्याने मात्र कोणाचं मन मोडलं नाही. "एका घरी बी नाही म्हटलं नाही त्यानं," गोवर्धन रात्री कुंपणावरून अभिमानाने सांगत होता. "असा बैल पाहिजे!"

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आमच्या नंदीचं दार लागेना. कोठीपोट चांगलंच गरगरीत झालं होतं. गोवर्धन म्हणाला, "गुरुजी, नंदी तं फुगून राहिला!" मी ती शाबासकी समजलो. भिजलेली तणस फुगतेच, असं खुशीला सांगितलं आणि दारावरून दोरी आवळली.

चौकात नंदी रांगेने उभे होते. खुशीने नवा फ्रॉक घातला होता आणि ती ओठांतल्या ओठांत चारी पोटांची नावं घोकत होती. तिच्या वर्गातली पोरं मुद्दाम पुढे येऊन बसली होती. एकजण "चिठ्ठी" म्हणालाच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून धीर दिला.

डॉक्टर हेमेंद्र पांढराशुभ्र शर्ट घालून आले. पडदा सरकला, दोरी सुटली, दार आपण होऊनच धाडकन उघडलं. खुशीने बोलायला सुरुवात केली, आणि काय बोलली! तोंड हा नाला, कोठीपोट हा तलाव, आतडी हे पाट. पोरं गप्प झाली. बाया पुढे सरकल्या. आतड्याचं टोक ओढून ती चौकाच्या पार गेली तरी ते संपेना, तेव्हा तर टाळ्या पडल्या. माझा ऊर भरून आला. समितीनेही नाकावरचा रुमाल काढला.

"अरे, बहुत बढ़िया!" डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांनी जे केलं त्यात त्यांचा काही दोष नाही. गुरांचा डॉक्टर जनावरापाशी गेला की त्याची मूठ सवयीनेच डाव्या कुशीवर जाते. पोट किती भरलंय, हलतंय की नाही, हे तो तसंच दाबून बघतो. डॉक्टरांनी मूठ ठेवली आणि दाबली.

आवाज असा झाला की झाडावरचे सगळे बगळे उडाले.

डॉक्टरांचा शर्ट, शालीकरामांचा फेटा, शेजारच्या नंदीची रेशमी झूल, सगळीकडे कोंडा, ताक आणि गूळ एकसारखं वाटलं गेलं. आणि तो वास! मुलांनी वास घ्यावा ही माझी इच्छा जरुरीपेक्षा जास्त पूर्ण झाली. आणि मग चौक जो हसला! माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होती. सगळ्यांत वर गोवर्धनचा आवाज : "आमच्या हरण्याचं पोट बरं जी! कितीबी खाल्लं तरी फुटत तं नाही!"

डॉक्टरांनी भुवईवरची तणस काढली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "गुरुजी, तलाव चांगला बांधला. सांडवा कुठे आहे?"

"सांडवा?"

"अहो, आत सगळं आंबतं तर वायू होणारच. बैल दिवसभर ढेकर देऊन तो बाहेर सोडतो. तुम्ही तर तोंड तारेनं बांधलं."

कोहळ्याच्या पोराला, भर चौकात, सांडवा कुठे म्हणून विचारलं गेलं. आमच्या वाडवडिलांनी बांधलेल्या तलावांच्या पाळी शेकडो पावसाळे टिकल्या त्या सांडव्यामुळे. जास्तीचं पाणी वेळेवर सोडलं नाही तर पाळ फुटते, हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. मी खाली बघितलं. वर बघितलं असतं तरी खुशी दिसली नसती. ती घराकडे निघून गेली होती.

डॉक्टरांना मी हात धुवायला घरी आणलं. सुमित्राबाईंनी त्यांना पाण्याची बादली आणि माझा सदरा दिला. तो त्यांना कमरेपर्यंतच पुरला. खुशी ओसरीवर नव्हती, घरातही नव्हती. मी हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती गोवर्धनच्या गोठ्याकडून धावत आली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ डॉक्टरांपुढे उभी राहिली.

"डॉक्टरकाका, हरण्याची डावी कूस आपल्या नंदीसारखी झाली. मी टिचकी मारली, ढोलकीसारखी वाजते. आणि मी केव्हाची बघून राहिली, तो ढेकर देतच नाही."

गोवर्धन हसतच मागून येत होता. "अरे पोरी, तो जेवून सुस्तावला. कालपासून झोपूनच राहिला."

"रवंथ करून राहिला का?" डॉक्टरांनी विचारलं.

गोवर्धनचं हसू तिथेच थांबलं.

गोठ्यात हरण्या आता मान लांब करून उभा होता, तोंडातून लाळ गळत होती, श्वास तोकडा. कालच्या बेगडाची चमक तशीच होती, म्हणून तो जास्तच केविलवाणा दिसत होता. डॉक्टरांनी मूठ ठेवली, पण या वेळी हळू. मग अपुऱ्या सदऱ्यातला तो पोरगेला डॉक्टर एकदम वेगळाच माणूस झाला. "पुढचे पाय उंचावर घ्या. तोंडात आडवी काठी बांधा. घरात जवसाचं तेल आहे? जल्दी!"

मी दोर धरला. शालीकरामांनी आपला माखलेला फेटा सोडून काठी बांधायला दिला. डॉक्टरांनी गाडीतून नळी आणून हळूहळू घशाखाली सोडली, तेल पाजलं, आणि गोवर्धनला कूस चोळायला लावली. गोवर्धन चोळत होता आणि बैलाच्या कानात पुटपुटत होता, "हरण्या, बापू, असं नोको करू रे. मी आता कोणाच्या घरी नेणार नाही तुले." सकाळी हसणारा सारा चौक आता गोठ्याभोवती माना उंचावून उभा होता. खुशीने माझं बोट धरलं होतं. केव्हा धरलं, मला कळलं नाही.

आणि मग नळीतून फुस्स आवाज आला. वास आला. तोच, सकाळचाच, आपल्या नंदीचा. थोड्या वेळाने डॉक्टरांनी नळी काढली, आणि हरण्याने मान पुढे काढून स्वतःच एक ढेकर दिला. मी आयुष्यात अनेक भाषणं ऐकली आहेत, त्यातली काही माझीच. पण इतक्या टाळ्या मी कशालाही पडलेल्या ऐकल्या नाहीत.

"सांडवा सुरू झाला," डॉक्टर म्हणाले. "शर्ट माखला म्हणून थांबलो. नाहीतर मी एव्हाना निघून गेलो असतो. आणि या पोरीनं पाहिलं नसतं तर रात्री फोन आला असता, आणि रात्री उशीर झाला असता."

वर्गातली पोरं खुशीभोवती जमली. ज्याने "चिठ्ठी" म्हटलं होतं तो विचारत होता, "टिचकी कुठं मारायची, दाखव ना." तिने दाखवली. मग तिने त्यांना माझ्या भाषेत, माझ्याच हातवाऱ्यांनी, पुन्हा पहिल्यापासून चार पोटं समजावली, आणि पाचवी गोष्ट म्हणून ढेकर. मी मागे उभा राहून ऐकलं. एका ठिकाणी ती चुकली, पण मी मध्ये बोललो नाही. माझ्या दृष्टीने ही त्या दिवसाची दुसरी मोठी घटना.

बक्षीस एका उंच नंदीला मिळालं. समितीने ते एकमताने दिलं.

दिवेलागणीला आम्ही नंदी धुऊन ओसरीवर ठेवला. पोटाचं दार बिजागरीवरून लोंबत होतं, आतली ट्यूब चिंध्या झालेली, आतडी बादलीत भिजत पडलेली. डोळे मात्र तसेच समजूतदार. एवढ्यात कुंपणाकडून न येता गोवर्धन दारातून आला. असं तो कधी येत नाही. हातात ताट होतं. कुंकू, दिवा, आणि पुरणपोळ्यांची चळत. काल साऱ्या गावाने त्याच्या बैलाचे पाय धुतले होते. आज तो आमच्या नंदीपुढे वाकला, लाकडी पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. गोवर्धन गप्प आहे हे पाहून सुमित्राबाई घाबरून बाहेर आल्या.

मग त्याने पुरणपोळ्यांची अख्खी चळत नंदीच्या तोंडापाशी ठेवली.

खुशीने पुढे होऊन एक पोळी नंदीसमोर राहू दिली आणि बाकीच्या ताटात परत ठेवल्या.

"एकच, काका," ती म्हणाली. "त्याले अजून ढेकर बसवायचा आहे. उद्या मी आन् आबाजी बसवणार आहो."